दुधाच्या कॅनमधलं रक्त

पलूस तालुक्यात मूरघास भरायचे दिवस आले की गोठ्यागोठ्यात एकच धांदल उडते. मक्याची कुट्टी करायची, बॅगेत किंवा खड्ड्यात भरायची, तुडवून तुडवून हवा काढायची आणि वर कागद ताणून माती लोटायची. कुठं एखादं भोक राहिलं, पाणी झिरपलं, की दीड-दोन महिन्यांनी उघडल्यावर वरचा थर बुरशीनं काळाठिक्कर निघतो. तो थर उकिरड्यावर जातो. गाभण गाईपुढं तो चुकूनही टाकायचा नाही, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. १९३९ साली चितळ्यांनी भिलवडीला दुधाचा धंदा थाटला, तेव्हापासून तर कृष्णाकाठच्या या पट्ट्यात चारा, दूध आणि जनावराची तब्येत हाच पारावरच्या गप्पांचा निम्मा विषय. त्यामुळं पुढची हकिकत शहरातल्या वाचकापेक्षा पलूस-भिलवडीच्या वाचकाला चटकन उमजेल. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, ती सुटते, फुफ्फुसात जाऊन अडकते आणि चालताबोलता माणूस जागच्या जागी कोसळतो. या दुखण्यावरच्या पहिल्या गोळीचा माग काढत गेलं, तर माणूस थेट बुरसटलेल्या वाळक्या चाऱ्याच्या गंजीपाशी पोचतो.

दुखणं जुनंच आहे. पोटरीतल्या किंवा मांडीतल्या खोल शिरेत रक्त साकळतं. पाय एकाच बाजूचा सुजतो, तटतटतो, कधी नुसताच ठणकतो, कधी काहीच होत नाही. मग त्या गाठीचा तुकडा सुटतो, पोटातल्या मोठ्या शिरेतून वर सरकतो, हृदयाच्या उजव्या कप्प्यातून पुढं जातो आणि फुफ्फुसाच्या धमनीत बुचासारखा बसतो. माणसाला दम लागतो, छातीत कळ येते, कधी थुंकीतून रक्त पडतं. तुकडा मोठा असेल तर काही मिनिटांत सगळं संपतं. ऑपरेशन होऊन आठ-दहा दिवस झालेत, टाके सुकलेत, उद्या घरी सोडणार, आणि संडासला म्हणून उठलेला माणूस दारातच पडला, अशा हकिकती प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या शेवटी एकच वाक्य असतं: ‘अटॅक आला.’ हृदयविकाराच्या खात्यावर किती मृत्यू असे परस्पर जमा झाले असतील!

युरोपातही वेगळं काही नव्हतं. बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखोनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शवविच्छेदनं करून दाखवलं, की फुफ्फुसातली ती गाठ तिथं जन्मलेली नसते, पायाकडून वाहत आलेली असते. रक्त का साकळतं याचा त्यानं लावलेला हिशेब आजही चालतो: रक्ताचा वेग मंदावतो, शिरेच्या भिंतीला इजा होते, किंवा रक्ताचीच गोठण्याकडं ओढ वाढते. कारण कळलं, पण हातात उपाय नव्हता. १९०८ साली फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या शल्यविशारदानं छाती उघडून फुफ्फुसाच्या धमनीतली गाठ ओढून काढायचा प्रयत्न केला. त्याचे रुग्ण वाचले नाहीत. त्याचाच शिष्य मार्टिन किर्शनर याला १९२४ मध्ये ते पहिल्यांदा साधलं. खाटेच्या पायथ्याशी हत्यारं उकळून तयार ठेवायची आणि रुग्ण निळा पडायला लागला की सुरी चालवायची, असा तो सगळा मामला होता.

त्याच काळात आपल्याकडं पुणे–मिरज लोहमार्गावरच्या गावांना शस्त्रक्रिया म्हणजे मिरज एवढंच माहीत होतं. डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली तिथं उभं राहिलं आणि पंचक्रोशीतच काय, परराज्यांतूनही लोक तिकडं येऊ लागले. किर्लोस्करवाडीचं स्टेशन पूर्वी कुंडल रोड म्हणून ओळखलं जाई. तिथून किंवा भिलवडीहून गाडीत बसायचं आणि मिरजेला उतरायचं. मोतीबिंदू, मुतखडे, अंतर्गळ, पोटातल्या गाठी, सगळ्याला उत्तर मिरजेतच. भूल आणि निर्जंतुक हत्यारं आल्यावर ऑपरेशन टेबलावर दगावणं कमी झालं आणि मागं राहिला तो ऑपरेशननंतरचा धोका. जगभरच्या रुग्णालयांचा त्या वेळचा शिरस्ता म्हणजे सक्तीची विश्रांती. पोट उघडलेल्या माणसानं दोन-तीन आठवडे पाठीवर पडून राहायचं, बाळंतिणीनंही खाट सोडायची नाही. जखम भरावी या सद्हेतूनं माणसाला आडवं ठेवायचे आणि तेवढ्या काळात पोटरीत रक्त साचत राहायचं. शिकागोच्या एमिल रीस यानं १८९९ मध्येच रुग्णांना लवकर उठवून चालवायला सुरुवात केली होती, पण त्याचं ऐकायला पुढं चाळीस वर्षं कुणी तयार नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात खाटा कमी पडायला लागल्या, रुग्ण लवकर उठवावे लागले आणि ते जास्त बरे होतात हे दिसलं. १९४७ साली रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरनं अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवर एक चुरचुरीत लेख लिहिला, तो आजही वैद्यकीय महाविद्यालयांत वाचला जातो.

जाता जाता एक सांगायला हवं. कुंडल आणि १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी हा सगळा औंध संस्थानचा मुलूख. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्काराचं वेड होतं, शाळाशाळांतून त्यांनी ते रुजवलं. पोटरीचे स्नायू आवळले की खोल शिरेतलं रक्त वर ढकललं जातं, म्हणून डॉक्टर आज पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. महाराजांच्या डोक्यात गुठळीचा विचार असण्याचं कारण नाही. पण संस्थानातल्या पोरांच्या पोटऱ्यांनी ते काम रोज सकाळी चोख केलं असणार.

गुठळीवरचं पहिलं औषध सापडलं ते चुकूनच. १९१६ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. कुत्र्याच्या यकृतातून काढलेला अर्क काही दिवस ठेवून तपासला तर उलटंच घडलं: रक्त गोठेचना. त्याचे गुरू विल्यम हॉवेल यांचा सुरुवातीला विश्वास बसला नाही. पुढं त्यांनीच यकृताच्या ग्रीक नावावरून हेपारिन हे नाव रूढ केलं. श्रेय कुणाचं यावरून पुढं वादही झाला. त्याआधी प्रयोगशाळांत रक्त पातळ ठेवायला जळवांचा अर्क वापरत. जळू चावल्यावर रक्त वाहत राहतं ते तिच्या लाळेतल्या द्रव्यामुळं, हे १८८४ मध्ये कळलं होतं. आपल्या वैद्यांनी जळवा लावल्या त्या दूषित रक्त काढण्यासाठी. रक्त लवकर थांबत नाही हे त्यांनाही दिसत होतंच.

हेपारिन सापडलं खरं, पण ते माणसाला टोचण्याजोगं नव्हतं. ताप, डोकेदुखी, थरथर व्हायची. शुद्ध करायचं काम कॅनडात टोरांटोला चार्ल्स बेस्टच्या हाताखाली झालं. इन्शुलीनच्या शोधातला बँटिंगचा जोडीदार तो हाच. कुत्र्यांची यकृतं परवडेनात, म्हणून कत्तलखान्यातून बैलांची फुफ्फुसं आणली. ती कुजवावी लागत. दुर्गंधी इतकी सुटायची की शेवटी तो उद्योग शहराबाहेरच्या शेतावर न्यावा लागला. १९३५ मध्ये ते पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. गॉर्डन मरे या शल्यविशारदानं टोरांटोत आणि क्लॅरेन्स क्राफूर्डनं स्वीडनमध्ये ऑपरेशननंतरच्या रुग्णांवर ते वापरलं. औषध गुणी, पण महाग, आणि सुई टोचल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता गोठ्याकडं वळू.

१९२० च्या दशकात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या कुरणांत आणि कॅनडात गाई विचित्र प्रकारे मरायला लागल्या. शिंगं कापली की रक्त थांबायचं नाही, गोऱ्हा खच्ची केला की रक्तस्रावानं मरायचा, काहींच्या कातडीखाली आपोआप रक्ताच्या थैल्या साठायच्या. हलक्या जमिनीत उगवतं म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी युरोपातून गोड क्लोव्हर आणलं होतं, आपल्या लसूणघासाच्या जातकुळीतलं. त्याचा वाळका चारा ओल धरून बुरसटला की हा प्रकार व्हायचा. ओंटॅरिओतल्या फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यानं एकाच गंजीतल्या चांगल्या आणि बुरसटलेल्या काड्या वेगळ्या केल्या आणि सशांना वेगवेगळ्या खायला घातल्या. चांगल्या काड्या खाणारे तगले, बुरसटलेल्या खाणारे रक्तस्रावानं गेले. उपाय सोपा होता, चारा फेकून द्या. पण मंदीची वर्षं होती. ज्याच्याकडं दुसरा चाराच नाही, त्यानं फेकायचा कसा? २०१९ च्या महापुरात चारा कुजला तेव्हा औदुंबर-अंकलखोपच्या माणसालाही हाच प्रश्न पडला होता.

फेब्रुवारी १९३३. विस्कॉन्सिनमधल्या डियर पार्कजवळच्या एड कार्लसन या शेतकऱ्याच्या गाई डिसेंबरपासून एकेक करून चालल्या होत्या. त्या शनिवारी त्याच्या वळूच्या नाकातून रक्त यायला लागलं. बाहेर हिमवादळ. कार्लसननं ट्रकमध्ये एक मेलेली कालवड घातली, न गोठलेलं रक्त भरलेला दुधाचा कॅन घातला, पन्नासेक किलो बुरसटलेला चारा घातला आणि तो तीनशे किलोमीटरवरच्या मॅडिसनकडं निघाला. सरकारी पशुवैद्याचं कार्यालय बंद होतं. विद्यापीठाच्या आवारात एका इमारतीचं दार उघडं दिसलं, ते जीवरसायनशास्त्र विभागाचं. आत कार्ल पॉल लिंक आणि त्याचा जर्मन सहकारी शोफेल होते. लिंकनं सांगितलं ते एवढंच: हा चारा बंद करा, जमलं तर जनावराला चांगल्या गाईचं रक्त द्या. कार्लसन रिकाम्या हातानं तीनशे किलोमीटर परत गेला. शोफेल मात्र त्या कॅनमध्ये हात बुडवून रक्त गोठत कसं नाही याकडं बघत बसला, आणि दोघंही रात्रीपर्यंत प्रयोगशाळेतून हलले नाहीत.

मला या प्रसंगात लिंकपेक्षा कार्लसन मोठा वाटतो. माणूस अचानक गेला तर घरचे देवाची इच्छा म्हणतात, गाव अटॅक म्हणतं आणि विषय संपतो. जनावर गेलं की शेतकरी कारण विचारायला वादळात गाडी घालतो, कारण पुढचं जनावर दावणीला उभं असतं. गुठळीच्या या सगळ्या इतिहासात जिथं कुणी मृत्यू मोजायला बसलं, तिथंच पुढचं पाऊल पडलं. गाईंचे मृत्यू आधी मोजले गेले, माणसांचे नंतर.

त्या चाऱ्यातला नेमका दोषी पदार्थ सापडायला सहा वर्षं लागली. २८ जून १९३९ च्या पहाटे लिंकच्या प्रयोगशाळेतल्या हॅरोल्ड कॅम्पबेलला सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे स्फटिक दिसले. चितळ्यांनी भिलवडीला धंदा थाटला तेच हे वर्ष. क्लोव्हरला ताज्या गवताचा गोडसर वास येतो तो कुमारिन या द्रव्याचा. बुरशी त्याच्या दोन रेणूंची जोडी जमवते आणि डायकुमारॉल तयार होतं. यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं ते के जीवनसत्त्वाच्या जोरावर. डॅनिश शास्त्रज्ञ हेन्रिक डाम यानं हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांत शोधलं होतं. डायकुमारॉल नेमकं त्याचंच काम अडवतं. म्हणून गोळीचा परिणाम दिसायला दोन-चार दिवस जातात आणि तोवर हेपारिनची सुई चालू ठेवावी लागते. गाईंना मारणारं विष मोजून दिलं तर माणसाची गाठ रोखेल, ही कल्पना १९४१ पासून मेयो क्लिनिक आणि विस्कॉन्सिनच्या डॉक्टरांनी प्रत्यक्षात आणली. तोंडानं घ्यायची, स्वस्त आणि गुठळी रोखणारी गोळी मिळाली.

लिंक स्वतः हूड स्वभावाचा, फुफ्फुसाच्या आजारानं अधूनमधून खाटेवर पडणारा. १९४५ मध्ये आरोग्यधामात पडल्या पडल्या तो उंदरांच्या बंदोबस्ताचा इतिहास वाचत होता. डायकुमारॉलच्या भावंडांतलं एखादं उंदरांना चालेल का? बेचाळीस क्रमांकाचं संयुग पुढं आलं. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफरिन नाव दिलं आणि १९४८ मध्ये ते उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं. त्यामुळं ते माणसाला द्यायला डॉक्टर बिचकत होते. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या एका सैनिकानं आत्महत्या करायची म्हणून उंदरांचं हे औषध खाल्लं; के जीवनसत्त्व आणि रक्त दिल्यावर तो ठणठणीत बरा झाला. विषाला उतारा आहे हे सिद्ध झालं. १९५४ मध्ये माणसासाठी परवानगी मिळाली आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांना तेच दिलं गेलं. बाजारात उंदीर मारणारं आणि मेडिकलमध्ये माणूस वाचवणारं औषध एकच, असा योग विरळाच.

मोजणीचा दुसरा मोठा प्रसंग लंडनचा. १९४० च्या सप्टेंबरपासून रात्र रात्र बॉम्ब पडत होते आणि लोक तळघरांत, आसऱ्याच्या जागांत कापडी आरामखुर्च्यांवर बसून झोपत. न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्पसन यांच्याकडं शवविच्छेदनाला मृतदेह येत. त्यांच्या लक्षात आलं, की बॉम्बनं जखमी न झालेली माणसं सकाळी उठून घराकडं निघाली की वाटेत मरून पडतायत, आणि त्यांच्या फुफ्फुसांत गाठी आहेत. आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी ताळा घातला तर असे मृत्यू सहापट झाले होते. खुर्चीच्या पुढच्या लाकडी दांडीनं मांडीमागची शीर रात्रभर दाबली जात होती. आरामखुर्च्या काढून झोपायला फळ्या बसवाव्यात, असं त्यांनी सुचवलं. विमानप्रवासातल्या गुठळीची चर्चा पुढं सुरू झाली ती याच धाग्यावर. आपल्याकडं पलूस, तासगाव, खानापूर भागातली सोनं-चांदी गाळणारी गलाई मंडळी गुवाहाटी, कोलकात्यापासून दोन-दोन दिवसांचा प्रवास करून जत्रेला गावी येतात; तासन्‌तास पाय दुमडून बसायची सवय त्यांना धंद्यानंच लागलेली. तास-दीड तासानं उठून डब्यातून फेरी मारली, घोटे वरखाली हलवले तरी पोटरीचा पंप चालू राहतो.

एवढं असूनही गुठळी झालेल्याला औषध द्यावं का, याचा पुरावा १९६० पर्यंत नव्हता. ब्रिस्टलच्या डेनिस बॅरिट आणि स्टॅन्ली जॉर्डन यांनी फुफ्फुसात गाठ गेलेल्या ३५ जणांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. औषध न दिलेल्या १९ जणांपैकी ५ गाठीनंच गेले आणि आणखी ५ जणांना पुन्हा गाठ आली. हेपारिन आणि गोळी दिलेल्या १६ जणांपैकी गाठीनं एकही गेला नाही. चाचणी तिथंच थांबवली. आजच्या मापानं ३५ हा आकडा म्हणजे काहीच नाही, पण त्यानंतर रुग्णाला औषधाविना ठेवून पाहायचं धाडस कुणाला झालं नाही.

राहिला प्रतिबंध. तो धडा घालून दिला लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या विजय वीर कक्कर या भारतीय शल्यविशारदानं. रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनोजेनला किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून ते रुग्णाला टोचायचं आणि पायावर यंत्र फिरवून ते कुठं साठतंय बघायचं, या पद्धतीनं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाअखेर दाखवलं, की मोठ्या ऑपरेशननंतर साधारण दर तीन-चार रुग्णांत एकाच्या पोटरीत गुठळी होते, बहुतेकांना कळतही नाही, आणि पुष्कळांत ती ऑपरेशन टेबलावरच सुरू होते. म्हणजे लक्षणांची वाट बघण्यात अर्थ नाही. मग आधीच हेपारिनचा अगदी लहान डोस कातडीखाली दिला तर? १९७५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत २८ केंद्रांवरचे ४,१२१ रुग्ण होते. ऑपरेशनच्या दोन तास आधी ५,००० युनिट आणि नंतर दर आठ तासांनी तेवढंच, सात दिवस. औषध न दिलेल्या गटात फुफ्फुसातल्या गाठीनं १६ मृत्यू झाले, दिलेल्या गटात २. पोटावर टोचायची ती बारीक सुई जगभरच्या वॉर्डांत पोचली ती या आकड्यांवर.

भारतात मात्र ती पोचायला उशीर झाला, आणि त्याचं कारण पैशाहून जास्त समजुतीचं होतं. ‘हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्या लोकांना होत नाही’ असं ऐकत डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. मोजलं नाही म्हणून दिसलं नाही, दिसलं नाही म्हणून मोजलं नाही. २००३ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अग्रवाला आणि सहकाऱ्यांनी पायाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांच्या शिरांत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढले, तेव्हा प्रतिबंधक औषध न दिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत गुठळ्या निघाल्या. पुढं ३२ देशांत झालेल्या एका पाहणीत भारतातल्या रुग्णालयांमधल्या धोक्यातल्या रुग्णांपैकी सुमारे १७ टक्क्यांनाच योग्य प्रतिबंधक उपाय मिळत असल्याचं दिसलं. मृत्यूच्या दाखल्याची बाजू तर याहून लंगडी. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले २२.५ टक्के होते.

बाळंतिणींच्या बाबतीत ही गुठळी आपल्या डॉक्टरांना पूर्वीपासून भेटत होती, फक्त वेगळ्या जागी: मेंदूच्या शिरेत. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांत डोकं भयंकर दुखणं, आकडी येणं, एक अंग लुळं पडणं. बेंगळुरूच्या निम्हान्समधून अशा रुग्णांवर बरंच काम झालं. गरोदरपणात आणि नंतरचे सहा आठवडे रक्ताची गोठण्याकडं ओढ असतेच, बाळंतपणातला रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गानं केलेली ती सोय. त्यात आपल्याकडं बाळंतिणीला पाणी हात राखून द्यायचं. ‘पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल’ म्हणून दिवसभरात तांब्याभर कोमट पाण्यावर भागवलेल्या बायका आजही भेटतात. शेकशेगडी, बाज, अंधारी खोली, सव्वा महिना उंबरा न ओलांडणं. आईच्या मायेपोटी केलेली ही विश्रांती शिरांना मानवत नाही. डिंकाचे लाडू खुशाल द्यावेत. सोबत तांब्या भरून पाणी ठेवावं आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणात फेऱ्या मारू द्याव्यात.

गुठळी हा शब्द पलूसच्या घराघरांत पोचवला तो कोरोनानं. २३ मार्च २०२० ला शेजारच्या इस्लामपुरात सौदीहून परतलेले एकाच कुटुंबातले चौघं बाधित निघाले आणि आठवडाभरात आकडा पंचवीसच्या घरात गेला. मिरजेचं शासकीय रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष श्वासावर होतं, रक्तावर नव्हतं. मे महिन्यात जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या डॉक्टरांनी कोविडनं गेलेल्या पहिल्या १२ जणांची शवविच्छेदनं प्रसिद्ध केली. सात जणांच्या पायात कुणाला संशयही न आलेल्या गुठळ्या होत्या आणि चौघांचा मृत्यू थेट फुफ्फुसातल्या गाठीनं झाला होता. संसर्गाच्या भीतीनं शवविच्छेदन टाळायचा सल्ला तिथंही आधी दिला गेला होता. हॅम्बुर्गवाल्यांनी तो जुमानला नाही. जूनमधल्या भारत सरकारच्या उपचारपद्धतीत मध्यम आजारी रुग्णाला एनॉक्सापॅरिन या हेपारिनच्याच प्रकाराचा रोज ४० मिलिग्रॅमचा प्रतिबंधक डोस आला. हेपारिनची मागणी एवढी वाढली, आणि चीनमधून येणारा कच्चा माल एवढा महागला, की ३० जून २०२० ला त्याची कमाल किंमत ५० टक्के वाढवून द्यावी लागली. हा कच्चा माल डुकराच्या आतड्यातून निघतो, हे पोटावर सुई घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर रक्ततपासणीतला डी-डायमर हा शब्द ऊस-दराइतका सहज तोंडी बसला. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पुण्या-मुंबईच्या भाच्याला जायचा, ‘डायमर दोन हजार हाय, इंजेक्शन चालू करू का?’ ही चाचणी मुळात गुठळी नाही हे सांगायला चांगली. आकडा वाढलेला दिसला म्हणून गुठळी आहेच असं नव्हे. ताप, ऑपरेशन, बाळंतपण, वाढतं वय, कशानंही तो वाढतो. मग लसीमुळं गुठळ्या होतात का, यावरून गोंधळ झाला. १७ मे २०२१ ला केंद्राच्या समितीनं जाहीर केलं, की गुठळीच्या संशयाच्या २६ नोंदी आहेत, दहा लाख डोसमागं ०.६१. २०२४ मध्ये याच लसीवरच्या खटल्यातली लंडनच्या न्यायालयातली कागदपत्रं बातम्यांत आली तेव्हा कुणी हा आकडा आठवला नाही. तीन वर्षांमागं लस घेतलेली माणसं डी-डायमर करायला रांगेत उभी राहिली.

आता औषधं बदललीत. सोनोग्राफीच्या डॉपलरनं पायाची गुठळी दहा मिनिटांत कळते, फुफ्फुसातली सीटी स्कॅनमध्ये. गाठ मोठी असून रक्तदाब कोसळत असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन देतात. वॉरफरिन आणि त्याचं भावंड असिनोकुमारॉल यांचा तराजू नाजूक: दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) तपासा, पालक-मेथी एका आठवड्यात भरपूर आणि पुढच्यात बंद असं करू नका, वेदनाशामक गोळी मनानं घेऊ नका. रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन या नव्या गोळ्यांना ती तपासणी लागत नाही, आणि पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांनी त्या पुष्कळ स्वस्त केल्या. हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना मात्र त्या चालत नाहीत. संधिवाताच्या तापानं झडपा गेलेले असे रुग्ण आपल्या भागात कमी नाहीत. त्यांना जुनीच गोळी आणि जुनाच आयएनआर.

सांगली-मिरजेत गुडघा किंवा खुबा बदललेल्या आजीला हल्ली दुसऱ्या दिवशीच वॉकर देऊन उभं करतात. भेटायला आलेली जाऊ ‘अगं बाई, टाकं तुटतील की!’ म्हणते आणि सिस्टर तिच्याकडं न बघता आजीला दारापर्यंत नेऊन आणतात. खुब्याच्या सांध्यानंतर प्रतिबंधक औषध ३५ दिवसांपर्यंत द्यावं लागतं, गुडघ्यानंतर किमान दहा ते चौदा. दवाखान्यातला मुक्काम आठवड्याच्या आतबाहेर. राहिलेल्या दिवसांच्या गोळ्या घरी सुनेच्या किंवा नातवाच्या हातून जातात, आणि पाय सुजला, दम लागला तर सोमवारची वाट न बघता त्याच रात्री गाडी काढायची असते.